दुसऱ्यांदा वाढताना

प्राचीच्या घरात मटण शिजायचं ते आप्पांच्या परवानगीनं.

आप्पा म्हणजे तिचे सासरे, कुंडलिकराव. सारी हयात माणदेशातल्या गावात काढलेली. गळ्यात तुळशीची माळ, तीही मिसरूड फुटायच्या आधीपासूनची. सासूबाई गेल्यावर ऋतुराज, प्राचीचा नवरा, त्यांना डोंबिवलीला घेऊन आला. मानपाडा रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात हे दोघं, आठवीतली ओवी आणि आता आप्पा. आप्पा येणार म्हटल्यावर प्राचीनं घरातला मांसाहार बंदच करून टाकला होता. ओवी कुरकुरायची, पण करते काय. शेवटी एक दिवस आप्पांनीच विषय काढला.

"पोरीला कशापायी मारून-मुटकून माळकरी करता? तुमी खात होता, तर खावा. माझं भांडं तेवढं येगळं ठेवा म्हंजे झालं."

मग एक ॲल्युमिनियमचं पातेलं, एक पळी आणि एक सुरी ओट्याखालच्या कोपऱ्यातल्या खणात वेगळी राहू लागली. ज्या रविवारी मटण असे त्या रविवारी आप्पा गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसत. वास यायचाच, पण त्यांच्या कपाळावर कधी आठी दिसली नाही. प्राचीच्या ठाण्याच्या ऑफिसातल्या बायका डबा खाताना सासऱ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या, तेव्हा हिच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं.

तिला धास्ती होती ती नंदाताईंची. नंदा ही ऋतुराजची थोरली बहीण, कल्याणला खडकपाड्याला राहणारी. तिच्या घरीही सगळं खात. पण आप्पा चार दिवस राहायला गेले की ती फ्रीजमधली अंडीसुद्धा शेजारणीला देऊन टाकायची आणि हे फोनवर न चुकता सांगायची. "तू नोकरीवाली, तुझं सगळं घाईगर्दीत. मला आपली काळजी वाटते गं," असं ती म्हणायची. त्यातली काळजी किती आणि टोमणा किती, हे प्राचीला कधी नीट कळलं नाही.

ओवीची परीक्षा संपली तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली, लोडेड फ्राईज. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिनं ते ठाण्याच्या मॉलमध्ये खाल्ले होते. बटाट्याच्या कुरकुरीत फ्राईज, वर मसालेदार खिमा आणि त्यावर ओघळणारं चीज. "मम्मी, घरी कर ना. तुझा खिमा त्यांच्यापेक्षा भारी असतो."

रविवार ठरला. शनिवारी संध्याकाळी नंदाताईंचा फोन आला, उद्या मी येते आहे. म्हणजे आणखी एक माणूस. सकाळी ऋतुराज खिम्यासाठी दुकानातल्या रांगेत उभा राहून आला. प्राची बटाट्याच्या लांब फोडी करून गार पाण्यात टाकत होती, तेवढ्यात आप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले.

"काय बेत हाय?"

ओवीनं हातवारे करून सगळं समजावलं. आप्पांना त्यातलं बटाटा आणि चीज एवढंच कळलं.

"बटाटा तर उपासाला बी चालतो की. मला बी दे थोडं. नातीचं खाणं कसलं असतंय बघू तरी."

प्राचीला मनापासून आनंद झाला. घरात काही नवीन केलं की आप्पा "मला आपली भाकरी बरी" म्हणून बाजूला होत. आज ते आपण होऊन मागत होते. तिनं ओवीला खाली पिटाळून सोयाबीनचा चुरा आणवला. एका शेगडीवर आप्पांच्या कढईत सोया, दुसऱ्या शेगडीवर खालच्या खणातल्या पातेल्यात खिमा. दोन्हीकडे कांदा, भरपूर लसूण, टोमॅटो, काश्मिरी तिखट, थोडं केचप आणि पिझ्झाबरोबर आलेल्या, डब्यात साठलेल्या ओरेगानोच्या पुड्या. पळ्या वेगळ्या. एका पळीचा थेंबही दुसरीकडे जाऊ नये म्हणून ती मध्ये ताट उभं धरून ढवळत होती. खिमा मऊ शिजून तेल सुटलं तेव्हा दोन्हींचा रंग अगदी सारखा झाला होता. ते पाहून तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. आप्पांना निराळं काही खातोय असं वाटायला नको.

दाराची बेल वाजली. नंदाताई आल्या.

त्यांचा आवाज ऐकल्याबरोबर प्राचीची नजर त्या पातेल्याकडे गेली. तळाशी काळं पडलेलं, कडेला चेपलेलं. ताई आत येणार, ओट्याजवळ उभ्या राहणार आणि हे बघणार. कपाटात लग्नातला काचेच्या बाउलचा सेट होता, पाहुण्यांशिवाय न निघणारा. तिनं घाईघाईनं त्यातले दोन बाउल काढले. एकात खिमा ओतला, दुसऱ्यात सोया, आणि पातेलं सिंकमध्ये पाण्याखाली सारलं. खिमा खिडकीकडे, सोया फ्रीजकडे, असं तिनं मनाशी म्हटलं.

नंतर फ्राईज दुसऱ्यांदा तळायच्या होत्या. लोणी, मैदा, दूध आणि किसलेल्या चीजचा सॉस ढवळायचा होता. ताई दारात उभ्या राहून विचारत होत्या, आप्पांचं बीपी तपासलं का, ओवीला क्लास कुठला लावणार. फ्राईजचं ताट ठेवायला ओट्यावर जागा नव्हती म्हणून प्राचीनं बाउल सरकवले. सॉस घट्ट होत चालला होता. गरम आहे तोवर खायला हवं म्हणून तिनं भराभर प्लेटा भरल्या. आप्पांची प्लेट सगळ्यांत आधी, मोठ्यांची म्हणून.

बाहेरच्या खोलीत सगळे गोल करून बसले. ओवीनं फोटो काढले. आप्पांनी काटा बाजूला ठेवला आणि बोटांनी एक काडी उचलली. चीजची तार लांबली तशी ओवी खिदळली. ती तार त्यांनी बोटाला गुंडाळली आणि तोंडात टाकली.

"आरं तिच्या," ते म्हणाले. दुसरी काडी घेतली, मग तिसरी. "हे तर लईच भारी."

नंदाताईंनी त्यांच्या प्लेटमध्ये डोकावून पाहिलं. "आप्पांचं सोयाचं ना गं? दिसतंय अगदी आमच्यासारखंच."

"हो ताई, मुद्दाम तसंच केलंय," प्राची म्हणाली. तेव्हा तिच्या मनात काहीही नव्हतं. उलट आपण कसं सांभाळलं, याचा अभिमानच होता.

आप्पांनी प्लेट पुसून खाल्ली. मग थोडं संकोचून, नातीकडे बघून हसत म्हणाले, "प्राची, असंल तर आनिक थोडं दे."

ती प्लेट घेऊन आत गेली. फ्राईज घातल्या आणि फ्रीजकडचा बाउल पुढे ओढला. बाउल रिकामा होत आला होता. तिला वाटलं, सोया इतकं थोडं केलं होतं का आपण? तिनं दुसरा बाउल पाहिला. तो होता तसाच होता. वर साय धरल्यासारखी तेलाची पातळ चकतीसुद्धा मोडली नव्हती. तिनं चमच्यानं त्यातला एक दाणा काढून बोटांत दाबला. स्पंजासारखा दबला आणि परत फुगला. सोया.

ताईंना उत्तरं देता देता तिनं सगळ्याच प्लेटा हाताशी आलेल्या एकाच बाउलमधून, खिम्याच्या, भरल्या होत्या. बाहेर आप्पा ओवीला सांगत होते, गावाकडं चुलीच्या राखेत बटाटं भाजायचो आमी, त्याला अशी चव न्हवती.

त्या क्षणी तिनं बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. ते तिला तेव्हाही कळत होतं. निदान हातातली प्लेट सोयानं भरायला हवी होती, तेही कळत होतं. तिनं सोयाचा चमचा भरलाही. मग तो हवेतच थांबला. आप्पा पहिला घास घेतील आणि म्हणतील, हे निराळं लागतंय. शेजारी ताई बसलेल्या. त्या प्लेटमध्ये वाकून बघतील, चाखतील, आणि मग त्यांच्यापासून लपवायला काही उरणारच नाही.

"मिळतंय का गं?" बाहेरून ताईंनी विचारलं.

प्राचीनं तो चमचा सोयाच्या बाउलमध्ये परत ठेवला. दुसऱ्या बाउलमधला उरलासुरला खिमा निपटून आप्पांच्या प्लेटमध्ये घातला, वर चीज ओतलं, आणि ती प्लेट त्यांच्या हातात दिली. आप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतात तशी. ही त्यांची सवयच होती.

"तुला ऱ्हायलं का?" त्यांनी विचारलं.

"आहे आप्पा, आत आहे," ती म्हणाली.

सोया तिनं एकटीनं ओट्याजवळ उभं राहून खाल्लं. टाकलं असतं तर कुणी विचारलं असतं.

नंदाताई संध्याकाळी खुशीत गेल्या. रिक्षात बसताना म्हणाल्या, "आप्पा रमलेत तुझ्याकडे. मी उगीच काळजी करत होते." प्राचीला त्यांच्या डोळ्यांना डोळा देता आला नाही.

घरात बोलायला आडोसा नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काढताना तिनं ऋतुराजला सांगितलं. पहिली प्लेट चुकून गेली, एवढंच सांगितलं. ऋतुराज घडी घालता घालता थांबला. मग त्यानं उरलेली घडी घातली.

"कुणाला बोललीस का?"

"नाही."

"मग बोलू पण नकोस. त्यांना माहीत नव्हतं ना? नकळत झालेल्याचं पाप नसतं लागत. सांगितलंस तर उगाच त्यांच्या जिवाला घोर."

"आणि माझ्या जिवाला?"

"तू मुद्दाम केलंस का?" तो म्हणाला. "चूक झाली. संपलं."

मुद्दाम केलंस का, या प्रश्नाचं उत्तर तिच्या तोंडाशी आलं होतं. तिनं चादरींचा गठ्ठा उचलला आणि ती जिना उतरली.

ते संपलं नाही. आप्पांना त्या दिवसाची चव लागली होती. देवळातल्या भजनी मंडळात त्यांनी सुनेचं कौतुक केलं. मंडळातले रामाकाका बाजारात भेटले तेव्हा त्यांनी प्राचीला थांबवून विचारलं, "काय ते चीजचं केलं होतंस म्हणे? कुंडलिकबुवा दुसरं बोलतच नाहीत." ती हसली आणि कोथिंबीर न घेताच निघून आली. नंदाताईंनी फोन करून कृती विचारली. प्राचीनं सोयाची सगळी कृती सांगितली, सोया किती वेळ भिजवायचं इथपर्यंत. ताई म्हणाल्या, "थांब, लिहून घेते," आणि मग तिला तेच सगळं सावकाश पुन्हा सांगावं लागलं.

पुढच्या रविवारी आप्पांनी स्वतःहून विचारलं, "ते बटाट्याचं परत करणार का?"

तिनं केलं. या वेळी घरात खिमा नव्हताच. सोया दोनदा पिळून घेतलं, लसूण वाढवला, तूप घातलं, जे जे सुचलं ते केलं. आप्पांनी मन लावून खाल्लं, पण हात सावकाश चालत होता.

"बरं झालंय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या दिशी काय घातलं होतंस गं? ती गोडी निराळीच होती."

प्राची म्हणाली, "चीज वेगळं होतं आप्पा." खोटं आता सहज येत होतं. याचीच तिला जास्त भीती वाटली. ऋतुराज मान खाली घालून खात राहिला.

त्यानंतर आप्पांनी तो विषय सोडला. बोलणंही जरा कमी झालं. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा ते गॅलरीत बसलेले असायचे, हातात जपाची माळ, नजर भलतीकडेच. तिला वाटायचं, कळलं असेल का? मग वाटायचं, कळलं तर बरं होईल, आपल्याला सांगावं लागणार नाही.

एका शनिवारी तिला सुट्टी होती. ऋतुराज कामावर, ओवी क्लासला. ती गवार मोडत बसली होती. आप्पा येऊन समोर जमिनीवर बसले आणि त्यांनी चार शेंगा हातात घेतल्या.

"प्राची, एक सांगायचं हाय. हसू नको."

"सांगा ना."

"ते बटाट्याचं पुन्हा माझ्यासाठी करू नको. पोरीला कर. मला न्हाई."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "का आप्पा? आवडलं नाही?"

"आवडलं, त्येच तर." ते शेंगेची शीर काढत होते, वर बघत नव्हते. "त्या दिशीपासनं जिभेला नाद लागल्यासारखं झालंय बघ. हरिपाठाला बसतो आन् तोंडात ती चव येती. कीर्तनाला बसलो, ध्यान तिकडंच. या वयात. तुझी सासू गेली तवा मी म्हनलो होतो, आता आपल्याला कशाचा मोह ऱ्हायला न्हाई. आन् हितं एका खाण्यापायी…" ते थांबले. "मला लाज वाटती पोरी. आजपतुर जेवनात काय मागितलं न्हाई मी कुनाकडं. त्या दिशी लहान पोरागत मागून खाल्लं. म्हून म्हनलं, सोडून द्यावं. पांडुरंगाला सांगितलंय तसं."

ते ओशाळून हसले. त्यांचा पांढऱ्या खुंटांचा चेहरा खरोखरच लाजेनं उतरला होता. आपली लाज हा माणूस अंगावर घेऊन बसला आहे, हे पाहून प्राचीला ते सोसेना.

"आप्पा, तो मोह नव्हता," ती म्हणाली. "तो खिमा होता."

त्यांना लगेच कळलं नाही.

"बाउल सारखे होते. घाईत माझ्याकडून सगळ्यांना एकाच बाउलमधून वाढलं गेलं. त्या दिवशी तुमच्या प्लेटमध्ये मटण गेलं आप्पा. सोया नव्हतं."

आप्पांच्या हातातली शेंग खाली पडली. त्यांचा हात आपसूक गळ्यातल्या माळेकडे गेला आणि तिथपर्यंत न पोचताच खाली आला. खालून भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली, लांब गेली. 

"तुला कवा कळलं?"

इथं तिला थांबता आलं असतं. नंतर कळलं, सगळे गेल्यावर, भांडी आवरताना. ऋतुराजला तिनं तसंच भासवलं होतं.

"तुम्ही आणखी मागितलंत तेव्हा."

"म्हंजे, दुसऱ्यांदा वाढायच्या आदी?"

"हो."

"आन् मग वाढलंस."

 तिनं मान डोलावली. "सोया दिलं असतं तर चव वेगळी लागली असती. तुम्ही बोलला असता. ताई शेजारी होत्या. मला वाटलं, ताईंना कळलं तर…"

"म्हंजे नंदीला भ्यालीस," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते हिशेब लागावा तसं स्वतःशीच बोलत होते. "मला न्हाई भ्यालीस."

ते गुडघ्यावर हात देऊन उठले. मोरीत गेले. चुळा भरण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. एवढ्या दिवसांनी चुळा भरून काय होणार होतं, पण ते भरत होते. बाहेर आले ते अंघोळ करूनच. गळ्यातली माळ त्यांनी काढली होती. ओल्या हातांनी ती धुतलेल्या पंच्यात गुंडाळली आणि देव्हाऱ्यात एका बाजूला ठेवली. प्राची अजून गवारीपुढे बसून होती. उठून पाया पडावं असं तिला वाटलं, पण कुठल्या तोंडानं?

त्या दिवसापासून तिला सगळ्यांत असह्य झाली ती त्यांची मान. उन्हानं रापलेल्या त्या मानेवर, जिथं इतकी वर्षं माळ होती तिथं, कातडीचा एक फिकट पट्टा उघडा पडला होता. आप्पा सदऱ्याची वरची गुंडी लावू लागले. डोंबिवलीच्या त्या घामट उकाड्यातसुद्धा गळ्यापर्यंत गुंड्या. भजनाला गेले नाहीत. रामाकाका बोलवायला दारात आले तर म्हणाले, "कणकण हाय." माळ नसलेल्या गळ्यानं मंडळात कसं बसायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. आतल्या खोलीत प्राचीनं ते खोटं ऐकलं. तिच्यामुळे त्या माणसाला खोटं बोलावं लागत होतं.

ऋतुराज तिच्यावर चिडला. "सांगायची काय गरज होती? बघ आता काय झालंय त्यांचं." ती म्हणाली, "मी तुला सगळं सांगितलं नव्हतं," आणि दुसऱ्या प्लेटचं सांगितलं.  नंतर बरेच दिवस तो तिच्याशी भाजी काय आणू, बिल भरलं का, एवढंच बोलत होता. तो आप्पांचा मुलगा होता, हे तिला तेव्हा नव्यानं जाणवलं.

आप्पांनी गावी जायचं ठरवलं. गावच्या महाराजांच्या हातून माळ पुन्हा घालून घ्यायची होती. ऋतुराजनं त्यांना कल्याणच्या डेपोतून एसटीत बसवून दिलं. निघताना त्यांनी ओवीच्या डोक्यावरून हात फिरवला. प्राची डबा घेऊन पुढे झाली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांनी डबा घेतला. दोन्ही हातांनीच घेतला. पण तो त्यांनी प्रवासात उघडला की नाही, हे तिनं कधी विचारलं नाही.

दोन दिवसांनी नंदाताईंचा फोन आला. "आप्पा असे अचानक गावाला का गेले गं? मला म्हणाले, शेताचं काम आहे. शेत तर वाट्यानं दिलंय."

म्हणजे आप्पांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. प्राची ऑफिसच्या जिन्यात उभी होती. खालून-वरून माणसं जात होती.

"ताई, माझ्यामुळे गेले," ती म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. या वेळी दुसऱ्या प्लेटपासूनच सुरुवात केली, म्हणजे पहिलीच्या मागं लपता येऊ नये.

नंदाताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग जे बोलल्या ते प्राची भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली. अक्कल, संस्कार, आईची आठवण, परक्याची पोर, सगळं त्यात आलं. मध्येच ताईंचा आवाज फुटला. "तू कृती सांगितलीस मला. मी लिहून घेतली. मी माझ्या शेजारणींना सांगितलं की माझ्या भावजयीनं बघा आप्पांसाठी कसं… तुला काहीच वाटलं नाही का गं सांगताना?"

"वाटलं," प्राची म्हणाली.

"तरी सांगितलंस."

"हो."

पलीकडून फोन ठेवला गेला.

त्यानंतर घरात मटण आलं नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. ओवीनंही कधी मागितलं नाही. आईचं काहीतरी मोठं चुकलंय, इतपत तिला समजलं होतं, आणि ती आईशी पाहुण्यासारखी जपून वागत होती.

आप्पा परत येतील याची प्राचीला खात्री नव्हती. पण एका रविवारी सकाळी ते आले, त्यांना घ्यायला डेपोवर गेलेल्या ऋतुराजबरोबर, खांद्यावर बाजरीच्या पिठाची पिशवी. सदऱ्याची वरची गुंडी उघडी होती. गळ्यात नवी माळ होती. तिचे मणी अजून फिकट, कोरे, त्या जुन्या रापलेल्या मानेवर उपरे दिसणारे.

त्यांच्या मागोमाग तासाभरानं नंदाताई पोचल्या. चप्पल काढतानाच म्हणाल्या, "आप्पा, पिशवी सोडू नका. माझ्याकडे चला. मी खोली आवरून ठेवलीय." प्राचीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

आप्पा पंख्याखाली बसले होते. "येतो की. तुझ्याकडं बी येतो. पन आता भूक लागलीया. जेवून घेऊ आदी."

 प्राची आत गेली. सकाळीच तिनं भरली वांगी केली होती. आप्पा येणार असतील तर असावी म्हणून. आणलेल्या पिठातल्याच तिनं दोन भाकरी थापल्या. थापताना एक भाकरी कडेला फाटली. ताट वाढून तिनं बाहेर आणलं आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. ताट ठेवून लगेच आत जावं की तिथंच उभं राहावं, हे तिला कळेना.

"आप्पा," नंदाताई म्हणाल्या, "विचारा तरी आधी. काय काय घातलंय ते विचारा."

ऋतुराज म्हणाला, "ताई, वांगं आहे ते. दिसतंय ना."

"तेव्हाही दिसतच होतं."

आप्पांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले. मग म्हणाले, "न्हाई इचारणार."

"अहो, पण…"

"एकदा इचारायला लागलो की रोज इचारावं लागंल नंदे. सकाळ-संध्याकाळ, च्याला बी. मग तिनं करायचं कसं आन् मी खायाचं कसं? त्यापरीस गावाकडंच ऱ्हायलो असतो की." त्यांनी भाकरीचा फाटका कोपरा मोडला. "इचारायचं न्हाई, असं ठरवूनच गाडीत बसलोय."

ते जेवू लागले. नंदाताई खिडकीकडे तोंड करून बसल्या. ओवीनं पाण्याचा तांब्या आणून आजोबांच्या जवळ ठेवला आणि ती हळूच आत निघून गेली.

प्राची दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला वाटत होतं, त्यांनी विचारावं. एकदा तरी, सगळ्यांसमोर, दरडावून विचारावं. तिच्याकडे खरं उत्तर होतं. वांगी काल संध्याकाळी बाजारातून आणलेली, दाण्याचा कूट घरचा, काळा मसाला, गूळ, मीठ, बाकी काही नाही. ती ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आप्पा खाली मान घालून, सावकाश, एकेक घास चावून खात होते.